मुंबईस बिऱ्हाड आणण्याची कथा

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवास त्या गिरणीच्या चात्या फिरू लागल्या, हे वृत्त आपल्या औद्योगिक इतिहासाच्या बहुतेक ग्रंथांत आरंभीच आढळते. परंतु त्या चात्यांपुढे उभे राहण्यासाठी रत्नागिरीपासून साताऱ्यापर्यंतच्या मुलुखातून जी माणसे आली, त्यांची बायकामुले कोठे राहिली, ती मुंबईस केव्हा आली, आणि येऊ शकली नाहीत ती कशामुळे, या प्रश्नांना त्याच ग्रंथांत फारच थोडी जागा मिळाली आहे. माझ्या मते गिरणगावाच्या इतिहासाचे मर्म या प्रश्नांतच आहे, कारण मुंबईने कामास माणूस बोलावला, त्याच्या कुटुंबाची तजवीज मात्र केली नाही.

रत्नागिरी जिल्ह्याची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. डोंगरउताराची पातळ जमीन, पावसावर येणारे एकच पीक, त्यातही खोताचा वाटा, आणि सह्याद्रीच्या भिंतीमुळे लोहमार्गाचा संपूर्ण अभाव, अशा त्या प्रदेशास मुंबईशी जोडणारा राजरस्ता म्हणजे समुद्रच होता. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, जयगड, दाभोळ, हर्णै अशी बंदरे घेत आगबोट मुंबईकडे जाई. खोल पाण्यात उभ्या राहिलेल्या बोटीपर्यंत उतारूंना पडावातून नेत, आणि पावसाळा सुरू झाला की ही वाहतूक बंद पडे. घाटावरच्या माणसास रेल्वे होती. कोकणच्या माणसाला मात्र एकदा आषाढ लागला की घरी आजारपण उद्भवले काय किंवा मर्तिक घडले काय, सहजासहजी गावी पोहोचणे शक्य नव्हते. तरीही १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत राहणाऱ्या रत्नागिरीकरांची संख्या दोन लाखांहून अधिक भरली. त्याच खानेसुमारीप्रमाणे शहरातील दर सहा माणसांपैकी जेमतेम एकाचा जन्म मुंबईत झालेला होता, आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. एवढ्या मोठ्या शहरात पुरुषांच्या निम्म्याच स्त्रिया आहेत, ही गोष्ट वाचताना आजही मन थबकते.

मग हे पुरुष राहत कसे? गावचा किंवा नात्यातला कोणी मुकादम असला तर तो गिरणीत शब्द टाकी. तरी पहिले काही महिने, कित्येकदा वर्षे, बदलीवरच जात. बदलीवाल्याने पहाटे गिरणीच्या दरवाजाशी हजर राहायचे, कोणी कायम कामगार गैरहजर असला आणि मुकादमाची मर्जी असली तर आत जायचे, नाहीतर त्या दिवसाची मजुरी बुडाली म्हणून परत फिरायचे. अशा अनिश्चित मिळकतीवर स्वतंत्र खोलीचे भाडे भरणे अशक्यच होते. म्हणून एका गावची वीस-पंचवीस माणसे मिळून एक खोली घेत, भाडे वर्गणीने भरत, आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. प्रत्येकाच्या मालकीची जागा म्हणजे भिंतीशी ठेवलेली एक पत्र्याची पेटी आणि वळणीवरचा हातभर दोर. त्या खोलीला गावकीचे सर्व नियम लागू असत. नव्याने आलेल्या पोराला तिथे विनाभाडे टेकू मिळे, आजाऱ्याची शुश्रूषा होई, मयताच्या घरी पैसे पोहोचत, आणि गावच्या देवळाची किंवा शाळेची वर्गणीही तिथूनच गोळा होई. नगरपालिकेने वा सरकारने जे करावयास हवे होते त्यातील कितीतरी काम या खोल्यांनी निमूटपणे केले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

जेवणाची सोय खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. चाळीतल्याच एखाद्या खोलीत कोणी विधवा, किंवा जिच्या नवऱ्याच्या पगारात भागत नाही अशी बाई, दहा-वीस माणसांचे दोन वेळचे रांधी आणि महिन्याच्या पगाराला हिशेब घेई. गिरणी बंद पडली अथवा संप लांबला म्हणजे तिची उधारी थकत जाई, तरी ती जेवणकऱ्यांना उपाशी परत पाठवीत नसे, कारण त्यातले बहुतेक तिच्याच गावाकडचे असत. मोठमोठ्या संपांचा इतिहास लिहिणारांनी पुढाऱ्यांची भाषणे जपून ठेवली. परंतु ते संप ज्या उधारीवर टिकले, ती उधारी अंगावर घेणाऱ्या या बायकांची नावेसुद्धा कोणी टिपली नाहीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खानावळवाल्यांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली, तोपर्यंत त्या सावकाराच्या व्याजावरच कारभार हाकीत होत्या.

गिरणीमालकांचे आणि अनेक सरकारी चौकशी मंडळांचे म्हणणे असे की, हिंदी मजूर मुळात शेतकरीच, त्याचे चित्त गावाकडे, म्हणून तो कुटुंब आणीत नाही व कामावर टिकत नाही. हे म्हणणे मला पटत नाही. ज्याच्या कामाला महिनाभराचीही शाश्वती नाही, आजारपणात ज्याला पगार नाही, म्हातारपणी ज्याला निर्वाहवेतन नाही, त्याने गावची अर्धा एकर जमीन आणि ती राखणारी बायको यांचा आधार सोडावा तरी कसा? १८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला तेव्हा लाखो माणसे शहर सोडून निघाली, आणि ज्यांना गाव होता तीच सुरक्षित ठिकाणी पोहोचू शकली. ज्यांच्यापाशी जमीनच नव्हती अशी दलित कुटुंबे मात्र पुष्कळदा सर्व बिऱ्हाडासह आली. १९३० नंतरच्या वर्षांत वाटेगावाहून भाड्यास पैसे नसल्यामुळे पायी चालत मुंबईस आलेले अण्णा भाऊ साठे यांचे कुटुंब हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. गावाची ओढ हा स्वभावाचा भाग असता तर तो भूमिहीनांतही तेवढाच दिसावयास हवा होता. शिवाय मुंबईने या भूमिहीनांस तरी सुखाने घेतले काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो या सबबीवर अस्पृश्य कामगारांस अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात शिरू दिले जात नसे. कुटुंब जवळ असूनही त्यांचे उत्पन्न असे खालीच रोखले गेले.

घरांचा प्रश्न सरकारच्या ध्यानात आला तो प्लेगमुळे. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि काही चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वास्तव्य १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे होते. त्यांचे वडील रामजी सकपाळ यांनी १९०४ च्या सुमारास साताऱ्याहून कुटुंब मुंबईस आणले ते मुलांच्या शिक्षणाच्या ओढीने, आणि प्रथम उतरले ते परळच्याच डबक चाळीत. पुढे गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दीत विकास खाते निघाले. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. दर चाळीत ऐंशी खोल्या, दर खोली सुमारे १६० चौरस फुटांची. आरंभी त्यातील पुष्कळ खोल्या ओस पडून होत्या, कारण भाडे मजुराच्या आवाक्याबाहेरचे होते आणि वरळी तेव्हा वस्तीपासून दूर होती. कायदेभंगाच्या काळात तर तेथील काही चाळींचा उपयोग सत्याग्रही कैदी ठेवण्याकडे झाला.

अशा परिस्थितीत बिऱ्हाड आले ते एकदम नव्हे. बायको प्रथम मळणी उरकल्यावर दोन-चार महिने येई, पेरणीपूर्वी परते, बाळंतपणास गावी जाई. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावली. कित्येक मुलांचा जन्म गावी नोंदला जाऊन मृत्यू येथे नोंदला गेल्यामुळे हा आकडा फुगला असला, तरी बाळंतपणासाठी गाव पत्करणाऱ्या बाईची समज त्यावरून सहज पटते. जी राहिली तिने खोलीतच दोन-तीन जेवणकरी ठेवले, किंवा गिरणीच्या वाइंडिंग आणि रीळ खात्यात ती कामास लागली. त्या काळी गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे पंचमांश होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूस संरक्षण मिळाले, मुलांची नावे शाळेच्या पटावर चढली, आणि जी खोली वीस पुरुषांची होती ती हळूहळू एका कुटुंबाची झाली. तरीसुद्धा शिमगा व गणपती गावच्या घरीच होत राहिले, आणि तिथला उंबरठा राखायला एखादी सासू किंवा थोरली जाऊ मागे राहतच असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप मिटला नाही, तेव्हा हजारो बिऱ्हाडे पुन्हा गावी गेली. त्यांना तिथे घर उघडे मिळाले, जमीन कसलेली मिळाली, याचे श्रेय मागे राहिलेल्या त्या स्त्रियांचे आहे. गिरण्यांनी कमी मजुरीत माणूस राबविला तो त्यांच्या श्रमांच्या बळावर. म्हणून मुंबईच्या कापडधंद्याच्या इतिहासात त्यांची गणना कामगार म्हणूनच झाली पाहिजे. ज्यांच्या घरी जुन्या मनीऑर्डरींच्या पावत्या, खानावळीच्या वह्या, गावमंडळाची जमाखर्चाची बुके अथवा आजीला आलेली कार्डे शिल्लक असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता जतन करावीत, आणि ज्या वृद्धा हयात आहेत त्यांच्या तोंडची हकीकत आताच लिहून घ्यावी, अशी वाचकांस कळकळीची विनंती आहे.