नऊ जागांचा एक खेळाडू : जॉनी कॅरी

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपण मुलांना ऐकवतो, तेव्हा आपला हेतू चांगलाच असतो. मुलाने एकच वाट धरावी, तिच्यात पारंगत व्हावे, अशी प्रत्येक आईबापाची इच्छा असते. पण कधी कधी आयुष्यच माणसाला एका वाटेवर राहू देत नाही. काळ बदलतो, युद्ध येते, घरची परिस्थिती पालटते आणि हाती घेतलेले काम सोडून दुसरे शिकावे लागते. अशा वेळी माणसाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आयर्लंडचा फुटबॉलपटू जॉनी कॅरी याची आठवण होते.

कॅरीचा जन्म २३ फेब्रुवारी १९१९ रोजी डब्लिन शहरात झाला. पहिले महायुद्ध संपून तेव्हा साडेतीन महिनेही झाले नव्हते. आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा पेटला होता. कॅरी तीन वर्षांचा होईपर्यंत त्याच्या देशाचे दोन तुकडे झाले होते. ईशान्येकडील ६ परगणे ब्रिटिश अमलाखाली राहिले आणि उरलेल्या २६ परगण्यांचे १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट झाले. फाळणी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ही फाळणी फुटबॉलच्या मैदानावरही उतरली. बेलफास्टची जुनी फुटबॉल संघटना आणि १९२१ मध्ये डब्लिनला स्थापन झालेली नवी संघटना या दोघीही आपापल्या संघाला ‘आयर्लंड’ म्हणत आणि साऱ्या बेटावरच्या खेळाडूंवर हक्क सांगत.

त्यातच आणखी एक गुंता होता. गेलिक फुटबॉल हा आयरिश लोकांचा स्वतःचा खेळ. तो चालवणाऱ्या संघटनेने आपल्या सभासदांना ‘परकीय’ खेळ खेळण्यास मनाई केली होती आणि इंग्रजांचा फुटबॉल त्या परकीय खेळांत मोडत होता. ही बंदी थेट १९७१ पर्यंत टिकली. कॅरी लहानपणी दोन्ही खेळ खेळे. पुढे त्याने इंग्रजी फुटबॉलचा रस्ता धरला.

१९३६ साली तो सेंट जेम्सेस गेट या, डब्लिनमधील एका मोठ्या कारखान्याच्या कामगारांतून निघालेल्या संघाकडून खेळू लागला. तेथे काही आठवडे होतात न होतात तोच मँचेस्टर युनायटेडचा पारखी लुई रोका डब्लिनला आला. तो आला होता दुसऱ्याच एका खेळाडूसाठी. तो खेळाडू हाती लागला नाही आणि रोकाची नजर सतरा वर्षांच्या कॅरीवर पडली. २५० पौंड मोजून युनायटेडने त्याला इंग्लंडला नेले. इंग्लंडमध्ये त्या काळी खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त ८ पौंड पगार देता येत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचे मोल कळते.

सप्टेंबर १९३७ मध्ये तो युनायटेडकडून पहिला सामना खेळला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्कवर नॉर्वेविरुद्ध विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात आयर्लंडकडून उतरला. तो सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. त्या वेळी कॅरीचे वय होते अवघे अठरा. १९३८ मध्ये युनायटेड दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत चढला. कॅरी तेव्हा इनसाइड फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या फळीतला खेळाडू होता. सारे काही सुरळीत चालले होते.

आणि सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. लीग स्पर्धा बंद पडली ती थेट ऑगस्ट १९४६ पर्यंत. खेळाडूच्या आयुष्यात वीस ते सत्तावीस ही उमेदीची वर्षे. कॅरीची ती सारी युद्धात गेली. त्याचा देश तटस्थ होता, युद्धापासून दूर राहणे त्याला शक्य होते. तरीही ज्या देशात आपण पोट भरतो त्या देशासाठी उभे राहावे, या विचाराने तो ब्रिटिश सैन्यात दाखल झाला आणि मध्यपूर्वेत व इटलीत त्याने नोकरी केली.

तो परतला तेव्हा मँचेस्टरचे मैदानही राहिले नव्हते. मार्च १९४१ च्या बाँबहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्ड उद्ध्वस्त झाले होते आणि युनायटेडला १९४९ पर्यंत शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मैदानावर सामने खेळावे लागले. नवे व्यवस्थापक मॅट बझ्बी यांनी कॅरीला संघनायक केले. पण त्याची जुनी जागा मात्र बदलली. त्यांनी त्याला आधी हाफ-बॅक आणि मग उजवा बॅक केले. गोल करणाऱ्याने आता गोल अडवायचे होते! सत्ताविशी उलटलेल्या, नाव कमावलेल्या खेळाडूला असे नव्याने शिकायला सांगणे म्हणजे सुताराच्या हातात गवंड्याची थापी देण्यासारखे होते. कॅरीने ते काम हाती घेतले आणि काही वर्षांतच तो युरोपातल्या उत्तम बॅकपैकी एक गणला जाऊ लागला.

हे कसे साधले? त्या काळच्या रचनेत एक गोलरक्षक, दोन बॅक, तीन हाफ-बॅक आणि पाच फॉरवर्ड असत. इंग्लिश लीगमध्ये १९६५ पर्यंत बदली खेळाडूची सोय नव्हती. कोणी जायबंदी झाला तर मैदानावरच्याच दुसऱ्याने त्याची जागा सांभाळायची. म्हणून साऱ्या जागांची जाण असलेला माणूस संघाचा आधार ठरे. कॅरी फार वेगवान नव्हता. चेंडू कोठे येणार, हे तो आधी ओळखे आणि तेथे आधी पोहोचे. आघाडीत खेळलेला असल्यामुळे समोरचा फॉरवर्ड काय करील, हे त्याला ठाऊक असे. जुने शिक्षण वाया गेले नाही, ते नव्या कामाला उपयोगी पडले. मँचेस्टर युनायटेडकडून तो अकरापैकी नऊ जागांवर खेळला. फेब्रुवारी १९५३ मध्ये संडरलंडविरुद्ध गोलरक्षक आजारी पडला, तेव्हा चौतिशीला आलेला हा संघनायक स्वतः गोलमध्ये उभा राहिला आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला.

देशाच्या बाबतीतही त्याने दोन बाजू सांभाळल्या. २८ सप्टेंबर १९४६ रोजी तो बेलफास्टच्या संघाकडून इंग्लंडविरुद्ध खेळला. तो संघ ७-२ असा हरला. दोनच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, डब्लिनच्या संघाकडून तो पुन्हा इंग्लंडसमोर उभा ठाकला. या खेपेस इंग्लंडला एकाच गोलने विजय मिळाला. तीन दिवसांत दोन आयर्लंड, आणि प्रतिस्पर्धी तोच! त्याच्या नावावर डब्लिनचे २९ आणि बेलफास्टचे ७ सामने आहेत. मे १९४७ मध्ये ग्लासगोला ग्रेट ब्रिटनविरुद्ध उर्वरित युरोपच्या संघाचे नेतृत्वही त्याच्याकडे आले.

युनायटेडने १९४८ साली वेम्ब्लीवर ब्लॅकपूलला ४-२ असे हरवून एफ.ए. कप जिंकला, तेव्हा कप कॅरीने स्वीकारला. १९४९ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला लिव्हरपूलमधील गुडिसन पार्कवर त्याच्या नेतृत्वाखाली आयर्लंडने इंग्लंडला २-० असे हरवले. ब्रिटनबाहेरच्या संघाकडून इंग्लंडचा स्वतःच्या भूमीवर झालेला हा पहिला पराभव होय. लीगमध्ये १९४७, १९४८, १९४९ आणि १९५१ अशा चार वेळा दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानल्यावर १९५२ मध्ये, ४१ वर्षांच्या खंडानंतर, युनायटेडने विजेतेपद मिळवले. १९५३ मध्ये कॅरी निवृत्त झाला. पुढे त्याने व्यवस्थापक म्हणून ब्लॅकबर्न आणि लेटन ओरिएंट या संघांना पहिल्या श्रेणीत नेले. १९९५ साली त्याचे निधन झाले. लोक त्याला ‘जेंटलमन जॉन’ म्हणत.

मग ती म्हण खोटी म्हणावी काय? नाही. हातचे काम अर्धे टाकून दुसऱ्याकडे धावणाऱ्याला ती आजही लागू आहे. कॅरीने जागा बदलल्या, पण एकही जागा अर्धवट शिकून सोडली नाही. विद्यार्थिमित्रांनो, हवी ती शाखा मिळाली नाही, मनातले काम हुकले, तर निराश होण्यापूर्वी सत्ताविसाव्या वर्षी नवी जागा शिकायला बसलेला हा खेळाडू आठवा. आणि पालकांनो, आपल्या पाल्याची वाट बदलली म्हणून त्याचे आधीचे शिकणे फुकट गेले, असे त्याला कधी म्हणू नका.