पी. एफ. कापून उरलेली वीज

शहराला कंटाळलेला माणूस निसर्गाच्या सान्निध्यात जायचं ठरवतो, तेव्हा सगळ्यात आधी चौकशी करतो ती झाडांची नव्हे, पाखरांची नव्हे, तर चार्जिंगच्या सोयीची. आमच्या शाखेची सहल भंडारदऱ्याला काजवे बघायला जायची ठरली आणि पहिल्याच बैठकीत ठराव झाला तो जनरेटरचा. म्हणजे अंधारात चमकणारे किडे बघायला चौदा माणसं उजेडाचं यंत्र घेऊन निघणार! बरं, जाणार कुठं, तर जिथं प्रवरेवर १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण आहे आणि त्याच्या पाण्यावर वीज तयार होते. शेजारीच घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे. तिथलं पाणी मागणीच्या वेळी खाली सोडून वीज करतात आणि मागणी नसेल तेव्हा वीज खर्चून तेच पाणी परत वर चढवतात. या उलाढालीत जेवढी वीज मिळते त्याहून जास्त खर्च होते. माझ्या पगाराचंही नेमकं असंच आहे, म्हणून मला त्या प्रकल्पाबद्दल आपुलकी आहे.

एवढी वीज उशाशी असताना जनरेटर कशाला? तर ज्या शेतकऱ्याच्या रानात आम्ही तंबू टाकणार होतो, त्यानं फोनवर सांगितलं, "साहेब, वळवाचा वारा सुटला का लाईट जातीच. मंग कधी येईल ते म्हसोबाला ठाव." झालं. जनरेटर निवडण्याचं काम माझ्याकडं आलं. मी बी. कॉम. आहे, आणि बँकेत अशी समजूत आहे की वाणिज्य शाखेच्या माणसाला यंत्रातलं काही कळत नसल्यामुळे त्याला दुकानदार फसवू शकत नाही.

मी कोणतंही खातं उघडताना आधीची कागदपत्रं मागतो. म्हणून जनरेटरचीही मागितली. ती १८३१ पर्यंत मागं गेली. त्या वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरडेनं तांब्याची चकती लोहचुंबकाच्या टोकांमध्ये फिरवून वीज निघते हे दाखवलं. फॅरडे हा लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला, गणितात फारसा पुढं न गेलेला. ही शेवटची पात्रता वाचून मला फार धीर आला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सी नावाच्या कारागिरानं हातानं फिरवायचं यंत्र केलं. तेव्हापासून आजवर तत्त्व तेच आहे: कोणीतरी फिरवायचं आणि वीज भलत्यानंच वापरायची. आमच्या घरी मिक्सर येण्यापूर्वी पाट्यावर हीच पद्धत होती.

मात्र त्या यंत्रांना 'पोर्टेबल' म्हणायची कोणाची छाती झाली नसती. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसननं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केलं. तिथल्या एकेका डायनॅमोचं वजन सुमारे २७ टन! त्या यंत्रांना 'जम्बो' म्हणत. त्याच साली बार्नम नावाच्या सर्कसवाल्यानं लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून जम्बो नावाचा अवाढव्य हत्ती विकत नेला होता, त्याच्यावरून हे नाव. हत्ती मात्र या यंत्रापुढं किरकोळच.

या हत्तीला अंगणात बांधण्याजोगा करणारा माणूस माझ्या धंद्याच्या जवळचा निघाला. चार्ल्स केटरिंग. ओहायोतल्या शेतकऱ्याचा मुलगा. आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्यानं १९०६ च्या सुमारास विजेची मोटर बसवली. गल्ला उघडायला मोटरीनं क्षणभरच जोर लावायचा असतो. हीच युक्ती त्यानं पुढं मोटारगाडी चालू करायला वापरली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हँडल मारण्याची कटकट संपली. थोडक्यात, आज आपण किल्ली फिरवून गाडी सुरू करतो त्याचं मूळ कॅशियरच्या गल्ल्यात आहे. हे मी आमच्या हेड कॅशियरना सांगितलं तेव्हा ते नुसते "असेल" म्हणाले. कॅशियर लोक मोजल्याशिवाय काही स्वीकारत नाहीत.

केटरिंगनं १९१६ साली 'डेल्को-लाइट' बाजारात आणलं. तेव्हा अमेरिकेतल्या शहरांत झगमगाट होता. खेड्यात मात्र कंदील. १९३५ च्या सुमाराससुद्धा तिथं दहा शेतकऱ्यांपैकी जेमतेम एकाच्या घरी वीज होती. डेल्को-लाइट म्हणजे एक छोटं इंजिन, त्याला जोडलेला डायनॅमो आणि काचेच्या बरण्यांत भरलेली १६ घटांची बॅटरी, एकूण दाब ३२ व्होल्ट. युक्ती अशी की इंजिन सतत चालवायचं नाही. दिवसा फटफट करून बरण्या भरून घ्यायच्या आणि रात्री मुकाट्यानं त्यातली वीज वापरायची. दिवसा भरणा, रात्री पैसे काढणे. काचेच्या बरण्यांची ही रांग मला लोणच्याच्या बरण्यांसारखी वाटली आणि ती डोक्यात राहिली. पुढं तिच्यावरच सगळं अडणार होतं, म्हणून सांगून ठेवतो.

मग महायुद्ध आलं आणि रेडिओ, सर्चलाइट, रणांगणावरची इस्पितळं यांच्यासाठी सगळ्याच सैन्यांना हलते जनरेटर लागले. ते संपल्यावर, १९४६ साली जपानातल्या हमामात्सु गावी सोइचिरो होंडा नावाच्या गृहस्थांना सैन्याच्या बिनतारी यंत्रांना वीज पुरवणारी छोटी इंजिनं पडून असलेली दिसली. त्यांनी एक उचललं आणि सायकलला बसवलं. पेट्रोलची टाकी? घरातली गरम पाण्याची शेकायची बाटली! बायकोला, साचीबाईंना, त्या सायकलवर बसवून गावातून फिरवलं. घरी आल्यावर बाईंनी तेलाचे डाग पडलेले कपडे दाखवले. नवऱ्यांच्या संशोधनाची पहिली परीक्षा जगात सर्वत्र धुण्याच्या बादलीतच होते. अशी सुमारे ५०० इंजिनं संपली, तेव्हा होंडांनी स्वतःचं इंजिन केलं आणि त्यातून मोटारसायकलींचं साम्राज्य उभं राहिलं. जनरेटरच्या इंजिनापासून निघालेली ही स्वारी १९६५ साली पुन्हा जनरेटरपाशी आली: 'ई ३००' नावाचा, एका माणसानं मुठीत धरून उचलावा असा ३०० वॉटचा जनरेटर त्यांनी विकायला काढला. हत्तीची सुटकेस झाली ती अशी.

आपल्याकडं ही सुटकेस थाटात आली १९८० नंतर. १९८५ साली श्रीराम होंडाची स्थापना झाली, रुद्रपूरला कारखाना निघाला आणि रॉकेलवर चालणारे छोटे जनरेटर दुकानांच्या पायऱ्यांवर दिसू लागले. माझं लहानपण त्याच फुटपाथवर गेलं. वीज गेली की एकेका दुकानातून गडी बाहेर येई, पायरीवर पाय रोवून दोरीला हिसका देई. दोन हिसके फुकट, तिसऱ्याला फट्फट्फट्! मग रस्ताभर रॉकेलचा धूर आणि साडीच्या दुकानात गिऱ्हाइकाला ओरडून सांगितलेला रंग. लग्नाच्या वरातीत आधी डोक्यावर पेट्रोमॅक्स घेतलेली माणसं असत. पुढं हातगाडीवर जनरेटर आला आणि त्याला वायरनं बांधलेली ट्यूबलाइट धरणाऱ्यांची माळ नवरदेवामागं चालू लागली. एकाचा पाय अडखळला की अख्खी वरात थांबे. नवरदेवाला सात जन्मांच्या गाठीपेक्षा ती वायर जास्त घट्ट वाटत असणार.

इतका इतिहास जमा करून मी बैठकीला गेलो, तर तिथं मागण्यांची यादी तयार होती. चहाची किटली १५०० वॉट. इंडक्शनची शेगडी २०००. चटणीसाठी मिक्सर ५००. अंताक्षरीचा स्पीकर १००. दोन पंखे १००. चौदा मोबाईल, प्रत्येकी १० प्रमाणे १४०. बेरीज ४३४०. "पाच के. व्ही. ए. चा आणा की," युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, "पाच म्हणजे पाच हजार!"

इथं मला बोलावंच लागलं. के. व्ही. ए. हा झाला ग्रॉस पगार. हातात पडतात ते किलोवॉट. मधली कपात करतो तो पॉवर फॅक्टर, म्हणजे पी. एफ.! साधारण ०.८ धरतात. पाचचे उरले चार. "म्हणजे इथंही पी. एफ. कापतात?" सेक्रेटरींचा आवाज एकदम वरच्या पट्टीत गेला. शिवाय जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते ती कमाल शक्ती, जी यंत्र थोडाच वेळ देऊ शकतं. सतत देता येईल तो आकडा बारीक टायपात असतो. मोटर असलेली वस्तू सुरू होताना तिच्या नेहमीच्या दुपटी-तिपटीनं वीज मागते. आणि उंचीवर हवा विरळ, म्हणून दर हजार फुटांना इंजिनाची ताकद सुमारे ३.५ टक्के घटते; भंडारदरा २४०० फुटांच्या आसपास, म्हणजे आणखी ८ टक्के वजा. वर त्या पाच के. व्ही. ए. वाल्याचं वजन ऐंशी किलोच्या घरात. तंबूपर्यंत तो कोण नेणार, या प्रश्नावर सगळ्यांनी एकदम घड्याळं पाहिली.

वाचकहो, माझ्या कागदावर मात्र आणखी ४० वॉट होते. ते मी 'सस्पेन्स अकाउंट'ला टाकले होते. आदल्या संध्याकाळी कॅश मिटवताना हेड कॅशियरनी केबिनचं दार लोटून घेतलं होतं. म्हणाले, "मी काही येत नाही हो सहलीला. काहीतरी कारण सांगा." निवृत्तीला दहा महिने राहिलेले, एकतीस वर्षांत एक सहल न चुकवलेला माणूस! खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, की झोपेत त्यांचा श्वास अडकतो. डॉक्टरांनी नाकाला लावायचं हवेचं यंत्र दिलंय, ते लावल्याशिवाय एक रात्रही झोपायचं नाही. "पोरं हसतील. आधीच माझ्या घोरण्यावर नकला करतात." (आता ते निवृत्त आहेत आणि यंत्राची महती स्वतःच सगळ्यांना ऐकवतात, म्हणून हे लिहितोय.)

तेव्हा बेरीज झाली ४३८०. त्यातले ४३४० चैनीचे आणि ४० श्वासाचे.

एवढ्यात सेक्रेटरींनी तोडगा काढला. छोटा जनरेटर आणू, पण त्याचा आवाज काजव्यांना नको, म्हणून तंबूच्या मागच्या कप्प्यात ताडपत्रीखाली ठेवू. मी विनोदी लिहीत असलो तरी तिथं विनोद सुचला नाही. या यंत्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात शिरला की प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, आणि झोपेत असलेल्याला तेवढंही कळत नाही. तंबूत जनरेटर लावून झोपलेली माणसं सकाळी उठलेलीच नाहीत, असं जगभर झालेलं आहे. दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब, धुराचं तोंड माणसांच्या उलट दिशेला, वर ताडपत्री अजिबात नाही. हे मी आवाज चढवून सांगितलं. शाखेत माझा आवाज चढण्याची ही पहिलीच वेळ. शिपाई चहा न ठेवताच परत गेला.

पण मग रात्रभर चाळीस वॉटसाठी रानात इंजिन फटफटत ठेवायचं? नेहमीच्या जनरेटरला ५० हर्ट्झची वीज द्यायची म्हणून मिनिटाला ३००० फेरे मारावेच लागतात, मग भार किटलीचा असो की मोबाईलचा. गेल्या शतकाच्या अखेरीस आलेले इन्व्हर्टर जातीचे जनरेटर शहाणे. भार कमी असला की हळू फिरतात, वीजही नाजूक यंत्रांना मानवेल अशी स्वच्छ देतात. तरी आवाज हा आवाजच. शिवाय काजव्यांचं चमकणं म्हणजे त्यांचं वधूवरसूचक मंडळ. आपल्या दिव्यांनी त्यांच्या खुणा एकमेकांना दिसेनाशा होतात. शेतकऱ्यानं बजावलंच होतं, "अंधार पडल्यावर मशीन बी नको, बॅटऱ्या बी मारू नका."

तेव्हा मला केटरिंगच्या बरण्या आठवल्या. चाळीस वॉट गुणिले आठ तास, ३२० वॉट-तास. ५०० वॉट-ताशी लिथियमची बॅटरीपेटी हल्ली भाड्यानं मिळते, वजन एका हातात मावणारं. इन्व्हर्टर जातीचा, सतत ९०० वॉट देणारा, तेरा किलोचा छोटा जनरेटर दुपारी वडाखाली लांब लावायचा, पेटी भरून घ्यायची, मोबाईलही त्याच वेळी. आणि सहाच्या ठोक्याला बंद. रात्री नुसती पेटी. किटली, शेगडी, मिक्सर रद्द. चूल, पाटा-वरवंटा मंजूर. अंताक्षरी बिनास्पीकरची. सेक्रेटरींनी निषेध नोंदवला आणि सही केली.

"पेटी कोणाच्या तंबूत?" कोणीतरी विचारलं.

"रोख आणि किल्ल्या ज्यांच्याकडं असतात त्यांच्याच," मी म्हणालो. हेड कॅशियरनी वर न बघता नोटांचं बंडल पुन्हा मोजायला घेतलं.

पहिल्या रात्री वीज साडेसातला गेली. झाडंच्या झाडं उजळत होती, विझत होती, पुन्हा उजळत होती. कोणी बोलत नव्हतं. साडेदहाला मी पाणी प्यायला उठलो तेव्हा कोपऱ्यातल्या तंबूतून बारीक, एकसारखी घरघर येत होती आणि कापडातून एक हिरवा ठिपका दिसत होता. तो विझत नाही हे पाहून मी आत डोकावलो. हेड कॅशियर मास्क लावून उठून बसले होते. पेटीच्या दिव्यावर ते बँकेच्या जुन्या व्हाउचरचा चौकोन चिकटपट्टीनं लावत होते. तो नीट बसला आहे ना हे त्यांनी दोनदा तपासलं, मला हातानं 'जा' अशी खूण केली आणि कुशीवर वळले.