भित्तिपत्रक आणि चित्रकार : तुलूझ-लोत्रेक यांच्या जाहिरातचित्रांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कलेच्या इतिहासलेखनात ललित कला आणि उपयोजित कला अशी विभागणी रूढ आहे. या विभागणीत जाहिरातीसाठी केलेले काम चित्रकाराच्या उपजीविकेचे साधन म्हणून दुय्यम ठरविले जाते. फ्रेंच चित्रकार आंरी द तुलूझ-लोत्रेक (१८६४-१९०१) यांच्या बाबतीत हा निकष अपुरा पडतो. ते सरदार घराण्यातील होते. केवळ चरितार्थासाठी जाहिरातचित्रे काढण्याची त्यांना गरज नव्हती. तरीही १८९१ पासूनच्या दहा वर्षांत त्यांनी सुमारे ३० भित्तिपत्रके केली. ग्राहकाच्या मागणीने त्यांच्या कलेला काय दिले व तिला कोणत्या मर्यादा घातल्या, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

२९ जुलै १८८१ च्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या कायद्याने फ्रान्समध्ये भित्तिपत्रके लावण्यावरील जुने निर्बंध बव्हंशी दूर झाले. ज्यूल शेरे यांनी रंगीत शिलामुद्रणाचे तंत्र त्यापूर्वीच विकसित केले होते. या तंत्रात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागतो. रंग वाढले की खर्च वाढतो. थोडक्या सपाट रंगांत परिणाम साधणे ही त्यामुळे व्यवसायाचीच गरज होती.

१८८९ मध्ये सुरू झालेल्या ‘मूलां रूझ’ या नृत्यगृहासाठी लोत्रेक यांनी १८९१ मध्ये पहिले भित्तिपत्रक केले. प्रेक्षकांचा जमाव केवळ काळ्या छायाकृतींत, मध्यभागी नर्तकी ला गुल्यू आणि पुढे राखाडी रंगातील तिचा जोडीदार अशी त्याची रचना आहे. जपानी मुद्राचित्रांचा प्रभाव येथे स्पष्ट आहे. परंतु रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेस क्षणात पडण्याची अटही या रचनेमागे तितकीच आहे.

ग्राहकाची सत्ता

ही अट कलेस पोषक ठरली, तरी ग्राहकाची पसंती नेहमीच तशी नव्हती. १८९२ मध्ये ‘आंबासादर’ या संगीतगृहाच्या चालकाला गायक आरिस्तीद ब्रुआं यांचे भित्तिपत्रक रुचले नाही. ते लावल्याशिवाय गाणार नाही, असा ब्रुआं यांनी आग्रह धरल्यानेच ते लागले. १८९४ मध्ये गायिका ईव्हेत गिल्बेर यांनी आपले रूप कुरूप दिसते म्हणून भित्तिपत्रकाचा आराखडा नाकारला. त्याच वर्षी लोत्रेक यांनी त्यांच्यावरील १६ शिलामुद्रितांचा संग्रह काढला. १८९६ मध्ये सिम्पसन कंपनीच्या सायकल-साखळीसाठी केलेले पहिले चित्र साखळी यंत्रदृष्ट्या बरोबर न दाखविल्याने फेटाळले गेले. लोत्रेक यांनी ते स्वखर्चाने छापले आणि कंपनीसाठी दुसरे भित्तिपत्रक करून दिले.

निष्कर्ष

या तीन प्रसंगांत चित्राचे भवितव्य अनुक्रमे मित्राचा आग्रह, गायिकेची प्रतिमा आणि यंत्राची अचूकता यांनी ठरविले. मात्र नाकारलेला विषय वा चित्र लोत्रेक यांनी टाकून दिले नाही. भिंतीवर जे चालले नाही, ते त्यांनी संग्रहरूपाने वा स्वखर्चाने लोकांपुढे आणले. व्यावसायिक काम आणि स्वतंत्र निर्मिती हे त्यांच्याकडे एकाच दगडावरील काम होते. म्हणून जाहिरातचित्रांना परिशिष्टात टाकणारा इतिहास या चित्रकाराच्या शैलीचे मूळच दृष्टिआड करतो. अशा चित्रकारांचा अभ्यास करताना चित्राबरोबरच ते कोणी मागविले, कोणी नाकारले आणि छपाईचा खर्च कोणी सोसला, हे प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.