अस्तराचा निरोप

औषधाचा गुण आधीं यावा आणि त्याचें कारण शंभर वर्षांनीं कळावें, असें वैद्यकाच्या इतिहासांत पुष्कळदां घडलें आहे. हृच्छूलावरील नायट्रोग्लिसरीनची कथा याच मासल्याची आहे. मात्र येथें कारण दडलें होतें तें रक्तवाहिनीच्या आंतल्या अस्तरांत, आणि त्या अस्तराकडे कोणाचें फारसें लक्षच नव्हतें.

१८४७ सालीं ट्यूरिन येथें आस्कानिओ सोब्रेरो या रसायनज्ञानें हा स्फोटक द्रव प्रथम तयार केला. जिभेवर त्याचा लेश ठेवतांच डोकें भयंकर ठणकूं लागतें, असें त्यास आढळलें. पुढें एडिंबरो येथें टॉमस लॉडर ब्रंटन या तरुण डॉक्टरानें पाहिलें कीं, हृच्छूलाच्या रोग्याचें थोडें रक्त काढलें म्हणजे त्यास आराम पडतो. रक्ताचा दाब उतरविला तर कळ थांबेल असें अनुमान करून त्यानें अमिल नायट्राइट हुंगावयास दिलें, आणि कळ मिनिटाच्या आंत थांबली. ही हकीकत त्यानें १८६७ त प्रसिद्ध केली. १८७९ त लंडनच्या विल्यम मरेल यानें, आधीं स्वतः घेऊन पाहून, नायट्रोग्लिसरीन याच कामीं लाविलें. त्याच द्रवापासून डायनामाइट करून गबर झालेल्या आल्फ्रेड नोबेललाही १८९६ त, मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस, डॉक्टरांनीं हेंच औषध लिहून दिलें. लोकांनीं भिऊं नये म्हणून त्याचें नांव तेवढें ‘ट्रायनायट्रिन’ असें बदललें होतें!

गुण कां येतो, हें मात्र १९७७ पर्यंत कोणास सांगतां आलें नाहीं. त्या वर्षीं अमेरिकेंत फेरिद म्युराद यांनीं दाखविलें कीं, हें औषध नायट्रिक ऑक्साइड वायूच्या द्वारें वाहिनीचा स्नायु सैल करतें. मोटारीच्या धुरांतील हा विषारी वायु शरीर आपण होऊन निर्माण करीत असेल, अशी कल्पना तेव्हां कोणास सुचावी?

ब्रुकलिन येथें रॉबर्ट फर्चगॉट हे सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन वर्षानुवर्षें प्रयोग करीत. असेटिलकोलीन लावलें कीं ते आकुंचन पावत. जिवंत प्राण्यांत मात्र त्याच द्रव्यानें वाहिन्या रुंदावत. १९७८ त त्यांच्या साहाय्यकाकडून प्रयोगाच्या क्रमांत चूक झाली आणि तुकडा आकसण्याऐवजीं सैल पडला. दुसरा कोणी असता तर तो प्रयोग टाकून देता. फर्चगॉट यांनीं छडा लाविला. एरव्हीं तुकडे कापतांना आंतली बाजू घासली जाऊन पेशींचा एकपदरी थर निघून जात असे. या खेपेस तो शाबूत राहिला होता. हाच थर स्नायूस सैल होण्याचा निरोप धाडतो, असें त्यांनीं १९८० त जाहीर केलें. ज्यास नळीचा निव्वळ गिलावा समजत, तोच बोलका निघाला. १९८६ त फर्चगॉट व लुई इग्नारो यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच असावा असें सुचविलें; १९८७ त इंग्लंडांत साल्वादोर मोंकादा व त्यांचे सहकारी यांनीं तो वायु मोजून दाखविला.

हृदयास या निरोपाची गरज विशेष. इतर स्नायु श्रम पडले कीं त्याच रक्तांतून अधिक प्राणवायु ओढून घेतात. हृदय विश्रांतींतही सुमारें ७० टक्के प्राणवायु घेऊनच बसलेलें असतें. जिना चढतांना त्यास अधिक हवा असेल तर रक्तच अधिक आलें पाहिजे. वेगानें वाहणारें रक्त अस्तरास घासतें, अस्तर वायु सोडतें, वाहिनी रुंदावते. हें एकच साधन आहे असें नव्हे. हृदयाच्या स्नायूंतून निघणारीं द्रव्येंही लहान वाहिन्या उघडतात. उलट याच अस्तरांतून वाहिनी आवळणारें एंडोथेलिनही निघतें. तें १९८८ त जपानांत सांपडलें. धमनींत मेदाचीं पुटें चढलीं कीं हा तोल ढळतो. असेटिलकोलीन सोडलें असतां निरोगी हृदयधमनी रुंदावते, रोगट धमनी उलट आकसते, असें १९८६ त रोग्यांमध्येंच दिसून आलें. मरेलचें औषध नेमकें येथें उपयोगीं पडतें: अस्तर दुबळें झालें तरी तें त्यास वगळून थेट स्नायूस तोच वायु पोंचवितें.

१९९८ चें नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व म्युराद यांस मिळालें, तें डायनामाइटच्याच पैशांतून. मोंकादा यांचें नांव त्यांत नव्हतें. एका पारितोषिकांत तिघांहून अधिकांस वांटा नसतो हें खरें. तथापि सूचना ज्यानें मोजून सिद्ध केली त्यास बाहेर ठेवणें मला न्याय्य वाटत नाहीं.