धारेमागचा चालता पट्टा

धान कापायला धार लागते. पण कापलेले धान न सांडता पुढे कसे न्यायचे, या प्रश्नाने यंत्र बनवणाऱ्यांना दोनशे वर्षे झुंजवले आहे. गोंदियाच्या बांधीत आजचा हार्वेस्टर कमी पडतो, तोही बराचसा याच ठिकाणी.

विळ्याच्या कापणीत हे काम हात करतो. मूठ धरायची, कापायची, लोंब्या न झटकता अलगद खाली ठेवायची. या ठेवलेल्या मुठी, म्हणजे कडपा, काही दिवस उन्हात वाळल्या की भारे बांधायचे, पुंजणे रचायचे आणि सवडीने धान चुरायचे. पाऊस आला तर त्याच कडपा भिजतात, दाण्याला कोंब फुटतात. हा धोका धरूनही दाणा जपणारी अशी दुसरी पद्धत नाही.

स्कॉटलंडचा पॅट्रिक बेल धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता. त्याने आपले कापणीयंत्र आधी छपराखाली, मातीत ओटची ताटे रोवून चालवून पाहिले. ताटे कापली गेली, पण अस्ताव्यस्त पडली. तेव्हा त्याने धारेमागे फिरते कापड बसवले. 1828 मध्ये ते यंत्र शेतात उतरले. मागून घोडे ढकलत, वरचा फिरता रहाट पीक धारेवर झुकवी आणि कापड ते एका बाजूला नेऊन ओळीने टाकी. बेलने पेटंट घेतले नाही. हे औदार्य मला त्याच्या शोधाइतकेच मोठे वाटते.

अमेरिकेत मॅककॉर्मिकला 1834 मध्ये कापणीयंत्राचे पेटंट मिळाले, पण त्याच्या यंत्रावरचे पीक माणूस दाताळ्याने ओढून काढी. पुढे पेंढ्या बांधणाऱ्या यंत्रांनी कापडी पट्टाच घेतला. कापणी-मळणी एकत्र करणारे कंबाइन आले आणि विसाव्या शतकात पट्ट्याच्या जागी लोखंडी स्क्रू म्हणजे ऑगर रुळला. तो मजबूत खरा, पण पीक दोन्ही बाजूंनी रेटत मध्यभागी आणतो. या ओढाताणीत पक्का दाणा झडतो. म्हणून कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या शेतांत रबरी पट्ट्यांचा ड्रेपर हेडर, म्हणजे कंबाइनचा पुढचा कापणारा भाग, पुन्हा आला. त्यावर पीक आडवे पडते आणि लोंब्या पुढे ठेवून एकसारखे आत जाते. त्याची रुंदी तीस-चाळीस फूट. आपल्याकडे अख्खी बांधी कधीकधी तेवढी नसते.

भारतात पंजाबच्या स्वराज कारखान्याने 1980 मध्ये स्वयंचलित कंबाइन बाजारात आणले. पंजाबची चौदा फुटी चाकाची यंत्रे गव्हासाठी उत्तम. पण ती चिखलाच्या बांधीत रुततात आणि वळताना धुरे मोडतात. म्हणून धानपट्ट्यात रबरी साखळीवर चालणारे, सुमारे दोन मीटर रुंदीचे हार्वेस्टर रुळले. मजूर मिळेनासे झाल्यावर यांनीच कापणी तारली, हे मान्य केलेच पाहिजे. पण हेडरमध्ये ऑगरच आहे. अवकाळी पावसाने लोळलेले धान तो नीट उचलत नाही. कडपेचे वाळणे मध्येच गेल्याने ओले धान थेट पोत्यात येते आणि खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा 17 टक्के. शिवाय जनावरांचे तणस बांधीभर विखुरते. ते गोळा करायला पुन्हा माणसे लागतात.

बेलच्या कापडाचे एक लहान भावंड मात्र आपल्या बांधीला शोभते. ते म्हणजे उभ्या पट्ट्याचा रिपर. त्याचे दातेरी पट्टे कापलेले धान उभेच बाजूला नेतात आणि ओळीत टाकतात. कडप वाळते, तणस अखंड राहते. ज्याच्या गोठ्यात बैल-म्हशी आहेत, त्याने माझ्या मते हार्वेस्टरआधी रिपरचा विचार करावा.

बाकीच्यांसाठी दोन मीटरचा, वजनाने हलका, पट्ट्याचा हेडर हवा. साकोलीचे कृषी संशोधन केंद्र आणि भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था यांनी तो गोंदियाच्या लोळलेल्या धानात चालवून पाहावा, आणि किती दाणा गळला ते बांधीवरच, शेतकऱ्यांसमोर मोजावे.