भिडेवाडा : भिंती गेल्या, शाळेचं काय?

दगडूशेठ हलवाई गणपतीला हात जोडणाऱ्यांची पाठ ज्या बाजूला असते, तिथे अगदी परवापर्यंत भिडेवाडा होता. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या या वाड्यात खाली दुकानं होती आणि वरचा भाग मोडकळीला आला होता. 4 डिसेंबर 2023 च्या रात्री महापालिकेने पोलीस बंदोबस्तात त्याचा ताबा घेतला आणि तो पाडला. तोही स्मारक बांधण्यासाठी!

हे उलटं वाटत असेल, तर थोडं मागे जाऊ.

1848 मध्ये तात्यासाहेब भिड्यांच्या याच वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. मुहूर्ताबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कुणी 1 जानेवारी सांगतं, कुणी ऑगस्ट महिना. मुंबईत अमेरिकन मिशनने 1824 मध्येच मुलींची शाळा काढली होती आणि अहमदनगरची मिशनची शाळा जोतिरावांनी स्वतः पाहिली होती. पण पुण्यात, पेशवाई बुडून जेमतेम 30 वर्षं झालेली असताना, एका माळी कुटुंबातल्या जोडप्याने हे करणं वेगळं होतं. शिकवणाऱ्या सावित्रीबाई तेव्हा 17 वर्षांच्या होत्या. आज त्या वयात आपण बारावीचा फॉर्म भरतो. पुढच्याच वर्षी दोघांना घर सोडावं लागलं.

भिडेवाड्यातली ही शाळा मात्र फार दिवस टिकली नाही. 3 जुलै 1851 ला बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात नव्याने शाळा उघडली. मग रास्ता पेठ, मग वेताळ पेठ. जागा कुणाच्या तरी मेहेरबानीची असायची, शाळा मात्र फुल्यांची. 1855 मध्ये त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या 14 वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ही त्या शाळांची खरी कमाई.

वाडा नंतर इतर वाड्यांसारखाच जगला. भाडेकरू आले, गाळे झाले, पिढ्यांचे धंदे उभे राहिले. महापालिकेने स्मारकासाठी जागा घ्यायची ठरवली तेव्हा वाद पेटला. एका बाजूला 'आमच्या आयांच्या शिक्षणाची सुरुवात इथे झाली' म्हणणारे कार्यकर्ते. दुसऱ्या बाजूला पोटापाण्याची जागा जाणारे दुकानदार. मोबदला किती आणि पुनर्वसन कुठे, हे त्यांचे प्रश्न खोटे नव्हते. मोक्याच्या रस्त्यावरचा गाळा गेला की गिऱ्हाईकही जातं.

प्रकरण कोर्टात दशकाहून अधिक काळ चाललं. उच्च न्यायालयानंतर नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांची याचिका फेटाळली आणि जागा रिकामी करायला महिन्याची मुदत दिली.

या सगळ्यात वाड्याचा वाली कोण होता? भाडेकरूंना उद्याची खात्री नव्हती आणि सरकारच्या हातात ताबा नव्हता. पावसाळे मात्र कुणाच्या तारखेसाठी थांबत नाहीत. निकाल लागेपर्यंत वाचवण्यासारखं फार थोडं उरलं होतं. जुनी वास्तू वाचवायची तर खटला चालू असतानाच किमान डागडुजीची जबाबदारी कुणावर तरी टाकावी लागते. भिडेवाड्याचा हा धडा पुण्यातल्या उरलेल्या वाड्यांसाठी तरी उपयोगी पडावा.

त्या जागेवरच्या स्मारकात काय असावं? पुतळा, चित्रं, प्रकाशाचा खेळ हे सगळं करता येईल. आपण सेल्फी काढू आणि समोर आरतीला जाऊ. पण जिथे 1848 मध्ये मूठभर मुली पाटी घेऊन बसल्या, तिथे निदान एक वर्ग रोज भरायला हवा. कामाला जाणाऱ्या, शाळा सुटलेल्या मुलींसाठी संध्याकाळचा, फी नसलेला. फुल्यांची शाळा वाड्यावाड्यांतून फिरत राहिली आणि तरी चालू राहिली. भिंती परत आणता येणार नाहीत, हजेरीपट परत उघडता येईल.