मुंबईची गोदी आणि हार्टलपूलचे जहाज

जुनी गोदी जतन करण्याचे दोन मार्ग जगाने चोखाळलेले दिसतात. इंग्लंडातील चॅटमची आरमारी गोदी चारशे वर्षांहून अधिक काळ राबली, 1984 साली बंद झाली, आणि तेथेच पुढे संग्रहालय उभे राहिले. पोर्ट्समथला नौदलाचा तळ आजही चालू आहे. तरी त्याच आवारात नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ जहाज 1922 पासून कोरड्या गोदीत ठेवलेले असून ते कोणालाही पाहता येते. आमच्या मुंबईच्या गोदीची कथा मात्र या दोहोंहून निराळी आहे, आणि ती मनाला चटका लावणारी आहे.

सुरतेचे पारशी सुतार लवजी नसरवानजी 1736 साली आपले मोजके कारागीर बरोबर घेऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या कामासाठी मुंबईस आले. जहाजे बांधणारा तो वाडिया. हेच पुढे त्यांच्या घराण्याचे आडनाव झाले. 1750 साली येथे कोरडी गोदी तयार झाली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावयाचे, दरवाजे लावावयाचे, पाणी काढून टाकावयाचे आणि उघड्या पडलेल्या तळाची डागडुजी करावयाची, अशी तिची रीत. भरती-ओहोटीतील मोठे अंतर हे मुंबईच्या बंदराला मिळालेले निसर्गाचे देणे होते. वाडियांच्या हातांनी त्याचे सोने केले.

या गोदीला लागणारा साग मुख्यतः मलबार आणि कानडा प्रांतांतील रानांतून येई. बंगळूरच्या पठारावर, समुद्रापासून दूर राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांनाही ही गोदी परकी वाटू नये, याचे हे एक कारण. मुंबईचे कसब आणि कर्नाटक-केरळची वनसंपत्ती यांच्या संगमातून ती जहाजे जन्मली. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातील तेल त्यांना उलट जपते. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये ओकचा तुटवडा पडला, तेव्हा तेथील आरमाराला मुंबईची आठवण झाली ती यामुळेच.

1810 साली येथे ‘मिंडेन’ हे 74 तोफांचे जहाज पाण्यात उतरले. ब्रिटिश बेटांबाहेर बांधलेली ही त्यांची पहिली मोठी लढाऊ नौका. 1813 सालच्या ‘कॉर्नवॉलिस’वर पुढे 1842 मध्ये नानकिंगचा तह झाला. चीनच्या मानखंडनेचा तो कागद मुंबईत घडलेल्या तक्तपोशीवर सह्यांकित व्हावा, हा इतिहासाचा विचित्र योग होय. कारागिराच्या हातून उत्तम वस्तू निर्माण होते. तिचा विनियोग कोण कसा करील, हे मात्र पारतंत्र्यात त्याच्या हाती राहत नाही.

या मालिकेतील ‘ट्रिंकोमाली’ची हकीकत विशेष सांगण्याजोगी आहे. तिचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ जहाज 1812 च्या डिसेंबरात अमेरिकन युद्धनौकेकडून पराभूत होऊन नष्ट झाले, म्हणून नकाशे पुन्हा पाठवावे लागले. पारशी प्रथेप्रमाणे जमशेटजी बमनजी वाडिया यांनी जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला, आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी ते पाण्यात उतरले. पुढे ते देशोदेशी फिरले, प्रशिक्षणाची नौका झाले, 1897 मध्ये विकले गेले, ‘फूद्रोयां’ हे नवे नाव ल्याले. 1987 साली जीर्णावस्थेत ते ईशान्य इंग्लंडातील हार्टलपूलला आणण्यात आले. तेथील कारागिरांनी वर्षानुवर्षे खपून त्याला पूर्वरूप दिले. 1992 मध्ये जुने नावही परत मिळाले. दोनशे वर्षांवर वय झालेले हे जहाज आजही पाण्यावर तरंगत आहे.

येथेच कथेतील मर्म आहे. हार्टलपूलच्या त्या संग्रहालयात जहाजाभोवती अठराव्या शतकातील बंदराचा धक्का नव्याने, हुबेहूब नमुन्याबरहुकूम बांधलेला आहे. जहाज अस्सल, धक्का नक्कल. मुंबईत याच्या नेमके उलट! येथे अस्सल गोदी आहे, ती आजही नौदलाकडे राबती आहे. परंतु तिने जन्म दिलेले ते जहाज परमुलखात आहे, आणि गोदीत सर्वसामान्यांस सहज प्रवेश नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी विजयदुर्ग आठवल्यावाचून राहणार नाही. 1756 च्या फेब्रुवारीत तेथे तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. वाघोटनच्या खाडीकाठी खडक फोडून केलेली गोदी मागे उरली. तिच्यात घडलेल्या जहाजांचे लाकूड मात्र पाहावयास मिळत नाही. ते शत्रूच्या आगीत गेले, असे म्हणून आपण निःश्वास टाकतो. परंतु ‘विक्रांत’चे काय? 1961 साली नौदलात दाखल झालेली आणि 1971 च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजवलेली ही विमानवाहू नौका 1997 मध्ये निवृत्त झाली. 2001 पासून 2012 पर्यंत मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे देखभालीचा खर्च पेलवेना. ती लिलावात गेली आणि 2014 च्या नोव्हेंबरात मोडण्यास आरंभ झाला. तेथे आग लावण्यास कोणी शत्रू आला नव्हता.

चालू गोदीत संग्रहालय कसे करावे, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर आमच्या बंगळुरातच आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1940 च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना काढला, आणि पुढच्याच वर्षी विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी. त्या विमान कारखान्याने 2001 मध्ये आपले संग्रहालय उघडले. कारखाना थांबला नाही, गुपितेही उघडी पडली नाहीत. शाळकरी मुले मात्र ‘मरुत’ विमानापाशी उभी राहून आपल्या देशाने काय घडविले ते डोळ्यांनी पाहू लागली.

मुंबईच्या गोदीच्या वेशीवर असे एखादे दालन सर्वांसाठी खुले असावे. जहाजांचे नमुने, सुतारांची हत्यारे, सागाच्या दोन फळ्या आणि कोरड्या गोदीची रीत समजावून देणारी चित्रे, एवढे जरी तेथे मांडले तरी पुरे. वाडियांची नावे इतिहासात राहिली आहेत. त्यांच्या हाताखाली करवत ओढणाऱ्या शेकडो हातांना तेवढीच एक जागा मिळेल. मुंबईच्या मुलाला मुंबईचे कसब पाहण्यासाठी हार्टलपूल गाठावे लागू नये, इतकीच आमची अपेक्षा आहे.